डॉक्टर, एमआर आणि कपाटातली वही

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला आरोग्यावर बोला म्हणून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, मी बँकवाला माणूस. रक्तदाबावर मी काय बोलणार? मी तो नुसता सोसलेला आहे. पण औषधाच्या खर्चात एक भाग असा आहे, की तो हिशेब तपासणाऱ्याला लवकर कळतो. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, म्हणजे आपले एमआर, डॉक्टरांना जे काही देतात त्याची नोंद कुठे होते आणि ती कोणाला बघायला मिळते, एवढ्यापुरतंच मी आज बोलणार आहे.

आपल्या संस्थेत डॉक्टरही राहतात आणि एमआरही. दोघांपैकी कोणाचाही अपमान करायला मी उभा नाही. तुळिंज रोडवरच्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी जा. पेशंटांच्या बाकाच्या कडेला, मांडीवर बॅग घेऊन, घामाघूम झालेला एक मुलगा बसलेला असतो. डोक्यावर महिन्याचं टार्गेट. बऱ्याच लोकांना माहीत नसेल, पण कंपन्यांच्या या विक्रीपद्धतींना सक्तीच्या कायद्याचं बंधन घाला, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात एमआर मंडळींच्याच अखिल भारतीय फेडरेशनने नेली. बॅग उचलणाराच जेव्हा म्हणतो की बॅगेत काय असावं याचा कायदा करा, तेव्हा त्याचं ऐकायला हवं.

आम्ही बँकेत होतो तेव्हा आम्हाला १९७६ चे वर्तणूक नियम लागू होते. दरवर्षी मालमत्तेचं विवरणपत्र भरायचं. भेटवस्तू कोणाकडून घ्यायची, कोणाकडून नाही, हे लिहून ठेवलेलं. दिवाळीला कर्जदार मिठाईचा पुडा घेऊन आला तर तो शाखेत सगळ्यांसमोर उघडायचा, शिपायापासून मॅनेजरपर्यंत एकेक तुकडा. कारण साधं आहे. ज्याच्या कर्जाच्या फाइलवर मी सही करणार, त्याचं मी काही खाल्लेलं असेल तर सही सरळ राहत नाही. बँकेतल्या सहीवर लोकांचा पैसा असतो. प्रिस्क्रिप्शनवरच्या सहीवर काय असतं ते मी सांगायला नको.

आता महाडचं उदाहरण. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कोकणात विंचू चावून मुलं दगावत, त्यावर त्यांनी उपचार शोधला, ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं संशोधन छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. या डॉक्टरांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तिथे पेशंट पाठवला होता, त्याचं हे ‘कट’. डॉक्टरांनी चेक परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. मला बँकवाला म्हणून यातला चेक महत्त्वाचा वाटतो. पाकिटातून रोख आली असती तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? चेकवर तारीख असते, नाव असतं, रक्कम असते. कागद होता म्हणून प्रकरण उभं राहिलं. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार झाला, लोकांकडून सूचना मागवल्या. मसुदा तिथेच राहिला.

हा मामला तपासणी केंद्राचा होता, एमआरचा नव्हे. एमआरच्या बाबतीत नियम आधीपासून आहेत, आणि चांगले कडक आहेत. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने २००२ च्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, हॉटेल, रोख रक्कम घ्यायला डॉक्टरांना बंदी केली. २०१६ मध्ये शिक्षेचा तक्ताच आला. पाच हजारांपर्यंत ताकीद, दहा हजारांपर्यंत तीन महिने नोंदणी बंद, पन्नास हजारांपर्यंत सहा महिने, लाखापर्यंत वर्ष. मात्र त्याच दुरुस्तीत डॉक्टरांच्या संघटनांना या नियमातून बाहेर काढलं. म्हणजे एकट्या डॉक्टरने पेन घेतलं तर प्रश्न, पण संघटनेने परिषदेसाठी मंडप, जेवण, सगळं घेतलं तर या नियमाला काही विचारायचं नाही!

मग विषय आला माझ्या आवडीच्या खात्यात, म्हणजे इन्कम टॅक्समध्ये. चेन्नईच्या एपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने झिंकोव्हिट हे व्हिटॅमिन खपवण्यासाठी डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप असं बरंच काही दिलं आणि हा सुमारे ४ कोटी ७३ लाखांचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवला. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांनी सांगितलं की चालणार नाही. डॉक्टरला जे घ्यायला बंदी आहे ते देण्याच्या खर्चावर करसवलत कशी मिळेल? या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत चढतो, हेही न्यायालयाने स्पष्ट लिहिलं. फ्रिज डॉक्टरच्या घरी, हप्ता पेशंटच्या बिलात.

त्याच वर्षी १ जुलैपासून आयकर कायद्यात १९४ आर हे कलम आलं. धंद्यातून कोणालाही वर्षात वीस हजारांवर वस्तुरूप लाभ दिला तर १० टक्के टीडीएस कापायचा. औषधांचे फुकट नमुनेसुद्धा त्यात धरले. गंमत बघा, एक नियम म्हणतो घेऊ नका, दुसरा म्हणतो घेतलंत तर दहा टक्के इकडे ठेवा.

पण इथेच माझा मुद्दा आहे. टीडीएस कापला की तो पॅन नंबरवर जातो. म्हणजे कोणत्या कंपनीने कोणत्या डॉक्टरला किती दिलं, याची नावानिशी नोंद होते. ती कंपनीला दिसते, डॉक्टरला त्याच्या २६ एएस मध्ये दिसते, आयकर खात्याला दिसते. ज्याच्या तोंडात गोळी जाते, त्या एकट्याला ती दिसत नाही.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने नवी विपणन संहिता काढली. एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला बाराच नमुन्यांचे पॅक, आणि एक पॅक तीन पेशंटांना पुरेल एवढाच. ब्रँडचं नाव छापलेली वस्तू हजार रुपयांच्या आत. परदेशातल्या परिषदा बंद. नमुने कोणाला, किती, कधी दिले याची वही कंपनीने ठेवायची. चांगलंच आहे. पण बाहेर जाहीर करायचा तो एकूण खर्च. डॉक्टरवार वही कंपनीच्या कपाटात.

वही कुठे टांगलेली आहे यावर सगळं असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. संस्था नवीन होती तेव्हा आपण टँकरवर जगत होतो. टँकर अर्धा यायचा, बिल पूर्ण यायचं, आणि संशय सेक्रेटरीवर! मग आपण टँकरचं रजिस्टर वॉचमनच्या केबिनबाहेर खिळ्याला टांगलं. तारीख, वेळ, टँकरचा नंबर, सही. भांडणं थांबली ती टँकरवाला सज्जन झाला म्हणून नाही. येता-जाता कोणीही पान उलटून बघत असे, म्हणून. आणि सेक्रेटरींच्या मागची कुजबुज गेली, हा फायदा सर्वांत मोठा त्यांनाच झाला. प्रामाणिक डॉक्टरांचंही तसंच होईल असं मला वाटतं. आज सगळे एकाच संशयात भरडले जातात.

अमेरिकेने हे केलेलं आहे. २०१० च्या कायद्याने कंपन्यांना डॉक्टरवार रक्कम सरकारला कळवणं सक्तीचं झालं आणि २०१४ पासून ती यादी लोकांसाठी खुली आहे. डॉक्टरचं नाव टाकायचं, कोणी काय दिलं ते समोर. तिथले डॉक्टर काही उपाशी मेले नाहीत.

तोवर आपण काय करायचं? डॉक्टरांशी भांडायचं नाही. ‘डॉक्टरसाहेब, यातलं मूळ औषध कोणतं, ते सुवाच्य लिहाल का?’ एवढं विचारायचं. औषधाचं जेनेरिक नाव ठळक अक्षरात लिहावं हे २०१६ पासून नियमातच आहे. दुकानातून घेतलेल्या स्ट्रिपवर ‘फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड’ असं छापलेलं असेल तर पैसे द्यायचे नाहीत.

आणि एक पत्र मी तयार केलं आहे. औषधनिर्माण विभागाला, प्रत महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेला. मागणी एकच, कंपन्यांनी जाहीर करायच्या तक्त्यात डॉक्टरच्या नावाचा रकाना घालावा आणि तो तक्ता रुग्णाला बघता यावा. पत्र संस्थेच्या कार्यालयात टेबलावर आहे. सही करणाऱ्यांनी पुढे फ्लॅट नंबर लिहावा. आपल्या विंगमधल्या दोन डॉक्टरांनी आणि एका एमआरने कार्यक्रमाआधीच सही केलेली आहे, त्यांच्याखालची ओळ मोकळी आहे.