वाड्याचा खांब आणि आपला मंडप



दरवर्षी पाईप आणि ताडपत्रीचं भाडं भरण्यापेक्षा मंडळाच्या मोकळ्या जागेवर एक कायमचा मंडप असावा, आणि तो सिमेंटचा नसून वाड्यासारखा लाकडी खांब-तुळईचा असावा, अशी आपल्या ज्येष्ठांची इच्छा आहे. मी राज्य शासनात उपयंत्री, डिप्लोमावाला माणूस, म्हणून ह्या विषयावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. लाकडाला माझा विरोध नाही, उलट आवडच आहे. फक्त ‘वाड्यासारखा’ ह्या शब्दावर थोडं थांबू या.

वाड्यात खांब कसा उभा असतो? खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि वर मातीचा जाड थर. बहुतेक वाड्यांत खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडावर नुसता टेकलेला असतो. वरच्या मजल्यांचं ओझं त्याला दाबून धरतं आणि बाजूच्या जाड भिंती त्याला डुलू देत नाहीत. इंदूरचा राजवाडा पाहा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. एवढा भार असल्यावर खांब जाणार कुठे?

आपल्या मंडपाला ना भिंती, ना वरचा मजला. चारही बाजूंनी उघडा. म्हणजे वाड्याला उभं ठेवणाऱ्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नाहीत, आणि वारा मात्र भरपूर. भारतीय मानकात भोपाळसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 90 किलो होतो. पत्र्याचं वजन पाच-सहा किलो. मंगलोरी कौलं घातली तरी चाळीसच्या आसपास, आणि त्यांच्यावरून लंगूर उड्या मारणार ते वेगळंच. मे-जूनच्या वादळात वारा उघड्या मंडपात शिरून छप्पर खालून उचलतो. त्यामुळे आपला खांब नुसता दगडावर टेकवून चालणार नाही, तो खाली बांधावाच लागेल. ह्याच मंडपाखाली आपली पोरं लेझीम खेळणार आहेत.

आता बांधायचा कसा? काही जण म्हणतात, खड्डा खणा, खांब उभा करा, काँक्रीट भरा. हे करू नका. काँक्रीटच्या खळग्यात पाणी साठतं, खांबाचं बूड ते शोषून घेतं आणि लाकूड नेमकं जिथे दिसत नाही तिथे कुजतं. वाळवीचीही सोय होते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही, त्यामुळे बूड कोरडं ठेवणं हेच मुख्य काम. जोत्यावर सहा इंच उंच दगड, त्यातून वर आलेली जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी, तिला खांब बोल्टने जखडलेला, आणि दगड व लाकूड ह्यांच्यात इंचभर मोकळी फट. दगड वाड्याचाच, फक्त त्याच्या पोटात लोखंड.

पाया कुठपर्यंत न्यायचा हे खड्डा खणून पाहिल्यावर ठरवू. वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर पाया ठेवलात तर एक खांब वर, एक खाली. मुरूम लागेपर्यंत जायचं, इथे काटकसर नको.

भिंतींचं काम तिरके टेकू करतील. प्रत्येक खांबापासून तुळईपर्यंत, दोन्ही दिशांनी. वाड्यातल्या नक्षीदार हस्तांची हौस इथे भागवता येईल, फक्त ते शोभेचे न ठेवता खरे भार घेणारे हवेत. सांधे कुसू आणि खाच पाडून, लाकडी खुंटी मारून करणारे सुतार अजून मिळतात. ते जमलं तर उत्तम, शिवाय जिथे छप्पर उचललं जाण्याची भीती आहे तिथे बोल्ट. तुळई चार बाय आठ इंचांची असेल तर ती उभी ठेवायची. तीच आडवी ठेवली तर ताकद निम्मी होते आणि वाकणं चौपट. मिस्त्री सोयीसाठी आडवी ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पागोळ्या खांबांपासून किमान तीन फूट बाहेर पडाव्यात.

आगीचंही सांगतो. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730ची, आणि 1828च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला. आज जोती दिसतात, आणि दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना उभा आहे. इंदूरचा राजवाडा 1984मध्ये जळाला. तेव्हा समई आणि आरती खांबांपासून लांब, विजेच्या तारा लोखंडी नळीतून, आणि झालर-थर्माकोलची सजावट तुळईला चिकटवायची नाही. कलाकार मंडळी रागावतील, रागावू देत.

राहिलं लाकूड. वनविभागाच्या डेपोचंच घ्या, पावती आणि वाहतूक परवान्यासकट. ते आत्ता, दिवाळीनंतर घेतलं, फळ्यांच्या चवडीत मध्ये पट्ट्या घालून सावलीत ठेवलं, तर उन्हाळ्यापर्यंत बरंच वाळेल. ओलं लाकूड लांबीत आकसत नाही, रुंदीत आकसतं, आणि मग घट्ट बसवलेले सांधे सैल होतात. म्हणून पुढच्या गणपतीपर्यंत मंडप हवाच असा हट्ट नको. एक वर्ष आणखी ताडपत्रीखाली बसू. खर्चाचा कच्चा तक्ता मी सचिवांकडे दिला आहे, त्यात पायाचा आकडा पाहून कोणी दचकू नये. आता काही प्रश्न असतील तर विचारा.