पेशीचे स्टोअर आणि पेशीचा फिटर



कामगार संघटनेच्या माणसाने कर्करोगावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. परंतु या विषयाकडे आम्हांला पुस्तकांनी नेले नाही. जिनिंगमधील आमच्या एका फिटर सोबत्याच्या गालात गाठ आली. त्याच्या खाटेशी बसून जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरे शोधताना जे कळले ते आपणांपुढे ठेवतो.

खर्रा आपल्या वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटला की झाला. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची विषे असतात. ती मूळ रूपात डीएनएला फारशी डसत नाहीत. आपल्याच शरीरातील काही विकरे, ज्यांना डॉक्टर एन्झाइम म्हणतात, ती विषे बाहेर टाकता यावीत म्हणून त्यांचे रूप पालटू लागतात; आणि त्या पालटातच ती जहाल होऊन डीएनएला चिकटतात. पहारेकऱ्यानेच चोराच्या हाती किल्ली द्यावी, तसा हा प्रकार आहे.

डीएनए बिघडला की निरोगी पेशीत गजर होतो, तिचे विभाजन थांबते आणि दुरुस्ती सुरू होते. कर्कपेशीत हा गजर पुष्कळदा मोडलेला असतो. तरी दुरुस्ती तिलाही हवीच. पण दुरुस्तीला नुसता फिटर पुरतो काय? पट्टा तुटला आणि स्टोअरमधून नवा मिळाला नाही, तर कुशल फिटरही हात चोळत बसतो. पेशीचे स्टोअर चयापचयाची विकरे चालवतात. त्यांतील डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर फोलेट या जीवनसत्त्वाला कामाचे रूप देते. त्यावाचून डीएनएचे सुटे भाग घडत नाहीत. इतर खात्यांतील गडीही मदतीस धावतात. शक्ती निर्माण करण्याच्या कामावरचे फ्यूमरेज हे विकर डीएनए तुटताच केंद्रकात त्या जागी सांधणीस हातभार लावते, असे 2015 साली दाखवून देण्यात आले.

आता औषधांकडे वळू. सिस्प्लाटिन थेट डीएनएवर घाव घालते. कर्कपेशीने तो घाव दुरुस्त केला, तर औषध हरते. मेथोट्रेक्सेट स्टोअरलाच कुलूप लावते. 1941 साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने या दोन औषधांची समोरासमोर तुलना केली. डोके व मान यांचा कर्करोग झालेले, बरे होण्याची आशा उरली नव्हती असे 422 रोगी होते. निम्म्यांना शिरेतून सिस्प्लाटिन, निम्म्यांना तोंडाने मेथोट्रेक्सेटच्या अल्प मात्रा व सेलेकॉक्सिब. अल्प मात्रेचा परिणाम गाठीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांवरही होतो, असे डॉक्टर मानतात. 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सिस्प्लाटिनवर मध्यक आयुष्य 6.1 महिने, गोळ्यांवर 7.5 महिने, आणि तीव्र त्रासही कमी.

दीड महिना म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. ज्याच्या घरी लेकीचे लग्न ठरले आहे, त्यास विचारावे! शिवाय गोळी स्वस्त, ती घरी घेता येते, आणि सोबत येणाऱ्याची रोजी फारशी बुडत नाही. श्रमिकाच्या खिशाचा विचार करणारे विज्ञान आम्ही थोर मानतो. मात्र कोणते औषध कोणास, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आमचा सोबती आज नाही. एक गोष्ट सांगितल्यावाचून खाली बसणे आम्हांस जड जाईल. आमच्या बैठकांत खर्ऱ्याची पुडी फिरत असे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या चर्चेत आम्हीच ती त्याच्यापुढे कितीदा धरली! मालकाकडून सुरक्षा मागणारे आम्ही, सोबत्याच्या तोंडाकडे पाहिले नाही.

आता आमच्या बैठकीत पुडी फिरत नाही. तोंडात पांढरा चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, जखम दोनतीन आठवड्यांत भरली नाही, तर त्या माणसास आम्ही दवाखान्यात नेतो. स्टोअर आणि फिटर शाबूत आहेत तोवरच आग विझवावी, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.