पहिले आठ दिवस
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आपल्याच गल्लीतली एक मुलगी पुढच्या महिन्यात शिक्षणासाठी परदेशी चालली आहे. सगळ्या वस्तीला तिचा अभिमान आहे. परंतु मघाशी वंदना झाल्यावर तिच्या मायने आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारले, "भाऊ, तिकडं लेकराला करमंल का? खाईल काय?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला बाबासाहेबच आठवले.

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या लेकरांना तोंडपाठ आहेत. पण त्या पदव्यांच्या आधीचे पहिले दिवस आपण फारसे सांगत नाही. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीही तीन वर्षांपुरती. त्यात स्वतःचे भागवायचे आणि घरीही पाठवायचे.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते उतरले. तिथले जेवण त्यांना मानवले नाही. आठवड्याभरात ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण तिथे काही हिंदी विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला जाताना याच मित्राने त्यांना पैसे उसने दिले.

माता-भगिनींनो, एवढ्या मोठ्या माणसालाही परक्या देशातले अन्न लगेच गोड लागले नाही! जागा बदलावी लागली, सोबत शोधावी लागली. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की, पहिले काही महिने नव्या शहराच्या आकर्षणातही गेले. मग एके रात्री त्यांनी स्वतःलाच जाब विचारला आणि अठरा-अठरा तास अभ्यास सुरू झाला. १९१५ साली एम.ए. झाले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेला मुलगा तिथे सर्वांबरोबर एका टेबलावर जेवत होता, हे आपण ध्यानात ठेवावे. आणि तोच माणूस शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी तिथूनही बाहेर काढले. परका कोण आणि आपला कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता आमचे सांगतो. १९७४ साली आम्ही जिंतूर तालुक्यातल्या खेड्यातून तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेलो. परदेश नव्हे, रेल्वेने काही तासांची वाट! पण वसतिगृहातली पोळी घशाखाली उतरेना, ज्वारीची भाकर डोळ्यांपुढे येई. इंग्रजी कळेना. आठव्या दिवशी पेटी उचलली आणि मीटरगेजच्या गाडीने पळून आलो. बा सालगडी. त्याने काहीच विचारले नाही. मायने भाकर वाढली. सकाळी बाने कुणाकडून तरी भाड्याचे पैसे उसने आणले आणि स्वतः आम्हाला परत नेले. वाटेत एवढेच म्हणाला, "बाबासायबाला माघारी आनायला कोन गेलं व्हतं रं?"

आमच्याच बरोबर गावचा आणखी एक मुलगा परत आला होता. तो आमच्यापेक्षा हुशार. त्याला परत नेणारे कोणी नव्हते. त्याचे शिक्षण तिथेच संपले. आजही तो भेटला की आमची मान खाली जाते, कारण आम्ही परत जाताना त्याला हाक मारली नाही.

आज २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेबांना बडोद्याची मदत होती, आपल्या मुलांना शासनाची आहे. पैशाची सोय होते, पण मनाची सोय आपणच करायची. म्हणून पालकांना विनंती आहे: मुलगा असो की मुलगी, जाण्याआधी वरण-भात, पोळी करायला शिकवा. कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती काढा. तिथे आधीपासून शिकणारे आपले विद्यार्थी कोण आहेत, त्यांचा पत्ता घ्या. फोनवर रडू नका. आणि लेकराने "करमत नाही" म्हटले तर "ये परत" असे पहिल्या झटक्यात म्हणू नका. मात्र त्याचे ऐकून घ्या. जेवण, खोली, सोबत, यांतले काय बदलता येईल ते विचारा. बाबासाहेबांनी खोली बदलली, विद्यापीठ सोडले नाही.

विहार समितीलाही एक सूचना. बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येक लेकराचे नाव एका वहीत लिहावे. पहिले आठ दिवस वस्तीतल्या एकाने रोज त्याची चौकशी करावी. परभणीहून पुण्याला गेलेल्याचीही आणि सातासमुद्रापार गेलेल्याचीही. मायबाई, तुमच्या मुलीचे नाव त्या वहीत पहिले राहील, आणि पहिल्या दिवशीचा फोन आम्ही करू.

जयभीम! नमो बुद्धाय!