घोरणें म्हणजे गाढ झोंप नव्हे

घोरणाऱ्या माणसाइतका निश्चिंत माणूस जगांत दुसरा नाहीं, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. कोणी डाराडूर झोंपला म्हणजे "बिचाऱ्याला कशी शांत झोंप लागली आहे!" असें आपण म्हणतों आणि आपली वळकटी उचलून दुसऱ्या खोलींत जातों. लग्नाच्या जानवसघरांत किंवा रेल्वेच्या डब्यांत घोरण्यावर जितका विनोद होतो, तितका दुसऱ्या कोणत्याही व्याधीवर होत नसेल. आज मला आपणापुढें एवढेंच मांडावयाचें आहे कीं, ही समजूत खरी नव्हे. मोठ्यानें घोरणें हें गाढ झोंपेचें लक्षण नाहीं. पुष्कळदां ती आंत शिरूं न शकणाऱ्या हवेची झटापट असते. ज्याच्या घशांत ही झटापट चाललेली असते त्याला तिची वार्ताही नसते. ती असते त्याच्या शेजारीं निजणाऱ्याला. म्हणून हें भाषण घोरणाऱ्यांसाठीं जितकें आहे, त्याहून अधिक तें घोरणें ऐकणाऱ्यांसाठीं आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविलेला शाळामास्तर आहें. औषध सांगण्याचा अधिकार माझा नाहीं; जाणत्यांनीं शोधून काढलेलें सोपें करून सांगणें एवढाच माझा व्यवसाय.

नाकापासून फुप्फुसांपर्यंत हवेची जी वाट आहे, तिचा बहुतेक भाग हाडांनीं व कूर्चांनीं उघडा धरून ठेविलेला आहे. जिभेच्या मुळामागचा आणि पडजिभेजवळचा घशाचा भाग मात्र केवळ मांसाचा आहे. आपल्याला बोलतां यावें, घांस गिळतां यावा, म्हणून तो मऊ असणें भागच आहे. जागेपणीं तेथील स्नायु ताठ राहून वाट उघडी ठेवितात. झोंप लागली कीं सर्व अंगाबरोबर तेही सैल पडतात. वाट मुळांत रुंद असेल तर त्यानें कांहीं बिघडत नाहीं. ती अरुंद असेल तर हवा जोरानें ओढली जाते, भोंवतालचें मांस थरथरूं लागतें, आणि घोरण्याचा आवाज होतो. ती याहूनही अरुंद झाली म्हणजे, भिजलेल्या कागदी नळीनें सरबत ओढतांना नळी जशी चपटी होते, तशा घशाच्या भिंती एकमेकींस चिकटतात आणि हवेची वाट बंद होते.

या वेळीं छाती हलत असते, पोट हलत असतें, परंतु हवा आंत जात नाहीं. घोरणें एकदम थांबतें. घरच्या माणसांना वाटतें, "चला, आतां कुठें शांत निजले." वस्तुतः काळजीचा क्षण तोच. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो. अखेर मेंदू धोक्याची घंटा वाजवितो. झोंप चाळवते, घशाचे स्नायु ताठ होतात, गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास पुन्हां सुरू होतो आणि माणूस पुन्हां झोंपी जातो. हें जागें होणें इतकें क्षणिक असतें कीं सकाळीं त्याची आठवणही राहत नाहीं.

अशा रीतीनें दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला म्हणजे डॉक्टर त्यास 'अ‍ॅप्निया' म्हणतात. मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ श्वास नसणें. आपण त्यास निद्रेंतील श्वासरोध म्हणूं. श्वास पुरता थांबण्याचे आणि फार उथळ होण्याचे प्रसंग एकत्र मोजतात. तासाला ५ पासून १५ पर्यंत प्रसंग असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम, आणि ३० च्या वर गेल्यास तीव्र. तासाला ३० म्हणजे सात तासांच्या झोंपेंत २१० वेळां. दर दोन मिनिटांनीं कोणी खांदा हलवून आपल्याला उठवीत राहिलें, तर सकाळीं आपली काय अवस्था होईल याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाहीं असा या विकाराचा एक निराळा प्रकारही आहे, पण तो विरळा. आज तो बाजूस ठेवूं.

रात्रीं जें हरवतें तें शरीर दिवसां वसूल करूं पाहतें. आमच्या नवी पेठेंत भर दुपारीं गादीवर बसल्या बसल्या पेंगणारा दुकानदार असो, कचेरींत फायलीवर मान टाकणारा कारकून असो, लोक त्याला आळशी म्हणून मोकळे होतात. आमच्या सोलापुरांत यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या कामगारालाही दिवसां डुलकी येते. पण त्याची झोंपच अपुरी झालेली असते. आठ तास अंथरुणांत काढूनही ज्याला पेंग आवरत नाहीं, त्याची गोष्ट वेगळी. सकाळीं डोकें जड होणें, तोंडाला कोरड पडणें, रात्रीं वारंवार लघवीस उठावें लागणें, स्वभाव चिडका होणें, औषधें घेऊनही रक्तदाब न उतरणें, हींही त्याच विकाराचीं लक्षणें असूं शकतात. अर्धांगाचा झटका आणि हृदयाचे अनियमित ठोके यांच्याशींही त्याचा संबंध दिसून आला आहे. असा मनुष्य मोटार हांकीत असेल तर धोका एकट्यापुरता राहत नाहीं. आपल्या शहरावरून जाणाऱ्या पुणें-हैदराबाद मार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. चालकाची एका क्षणाची डुलकी काय करूं शकते हें सांगावयास नको.

हा विकार कांहीं परदेशांतील धनिकांचा नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ शहरवासी पुरुषांपासून आरंभ करून त्यांनीं २५० जणांच्या झोंपेची त्यांच्या घरींच तपासणी केली. झोंपेंत श्वास अडखळण्याचें प्रमाण शेंकडा १९.५ निघालें, त्याबरोबर दिवसां अनावर पेंगही येते असे पुरुष शेंकडा ७.५ होते. २०२२ च्या फेब्रुवारींत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईंत निवर्तले, तेव्हां त्यांच्या डॉक्टरांनीं सांगितलेल्या कारणांत हा श्वासरोध होता. त्यांना इतरही व्याधी होत्या; तरी हें नांव त्या दिवशीं पुष्कळ घरांत प्रथमच ऐकूं आलें.

तथापि हा केवळ लठ्ठ पुरुषांचा रोग अशी दुसरी चुकीची समजूत करून घेऊं नये. स्थूलपणा हें त्याचें मोठें कारण खरें, पण जबडा लहान किंवा मागें गेलेला असल्यास सडपातळ माणसालाही तो होतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांतही त्याचें प्रमाण वाढतें. पुरुषानें घोरणें हा आपल्याकडे थट्टेचा विषय, तर स्त्रीनें घोरणें हा लाजेचा. म्हणून तिला तें कोणी सांगत नाहीं आणि सांगितलें तर तीही कोणाला सांगत नाहीं. शिवाय थकवा, झोंप न लागणें, डोकेंदुखी अशा तक्रारी तिच्या बाबतींत पुढें येत असल्यामुळें "घरकामानें दमली असेल" असें म्हणून विषय संपविला जातो.

मुलांची गोष्ट तर शिक्षकाच्या दृष्टीनें फारच महत्त्वाची. टॉन्सिल आणि नाकामागील गांठी वाढल्या म्हणजे मूल तोंडानें श्वास घेतें, घोरतें, अंथरूण ओलें करतें. दिवसां तें पेंगतेंच असें नाहीं. उलट चुळबुळ करतें, लक्ष देत नाहीं. वर्गांत त्याला कोणी मठ्ठ म्हणतो, कोणी व्रात्य. अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पांच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरील प्रयोगांत गांठी काढल्यावर मुलांची झोंप आणि वागणूक सुधारली. मात्र नुसती देखरेख ठेविलेल्या मुलांपैकींही जवळजवळ निम्म्यांची झोंप सात महिन्यांत सुधारली होती. म्हणून केव्हां थांबावें आणि केव्हां शस्त्रक्रिया करावी हें डॉक्टरांनींच ठरवावें.

आतां उपायांकडे वळूं. या विकाराचें चित्र वैद्यकाच्या आधीं कादंबरींत उतरलें. इंग्रज लेखक डिकन्स यानें १८३६-३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'पिकविक पेपर्स'मध्यें सदा झोंपणारा, घोरणारा एक लठ्ठ मुलगा रंगविला, आणि १९५६ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं अशाच एका रुग्णाच्या विकाराला 'पिकविक'चेंच नांव दिलें. परंतु नांव मिळालें तरी उपाय कठीण होता. विकार तीव्र असल्यास गळ्याला पुढून छिद्र पाडून तेथून श्वास घ्यावयास लावीत. हें चित्र पालटलें १९८१ सालीं. सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं पांच रुग्णांना नाकावाटे सौम्य दाबाची हवा देऊन घसा रात्रभर उघडा ठेवून दाखविला. या यंत्राला 'सी-पॅप' म्हणतात.

हें यंत्र प्राणवायु देत नाहीं. आपल्या खोलींतील हवाच तें किंचित् दाबानें आंत सोडतें. चपटी झालेली सायकलची ट्यूब हवा भरली कीं जशी गोल होते, तसा घसा त्या दाबानें उघडा राहतो. तो दाब बहुधा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, म्हणजे पेल्याच्या तळाशीं पाण्याचा जेवढा दाब असतो साधारण तेवढाच. पहिल्या कांहीं रात्रीं मुखवटा जाचतो, नाक कोरडें पडतें. पुष्कळजण कंटाळून यंत्र कपाटावर ठेवून देतात. योग्य मापाचा मुखवटा आणि हवा दमट करण्याची सोय यांमुळें बराच जाच टळतो. यंत्र स्वस्त नाहीं; म्हणून शक्य तेथें कांहीं दिवस भाड्यानें आणून पाहणें शहाणपणाचें. त्यानें पेंग जाते, रक्तदाबही थोडा उतरतो. परंतु त्याचा गाजावाजा अवास्तव होऊं नये. आधींच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७१७ रुग्णांवर सात देशांत झालेल्या आणि २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हृदयविकाराचे व अर्धांगाचे पुढील झटके यंत्रामुळें कमी झालेले दिसले नाहींत. त्या रुग्णांनीं तें सरासरीनें रात्रीं ३.३ तासच वापरलें होतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

विकार सौम्य असल्यास खालचा जबडा पुढें धरून ठेवणारी दांतांवरची पट्टी उपयोगी पडते. उताणें निजल्यावरच श्वास अडत असेल तर कुशीवर निजावें. सदऱ्याच्या पाठीला चेंडू शिवण्याची युक्ति याचसाठीं. वजन उतरविणें हा मोठा उपाय. विस्कॉन्सिन येथील २००० सालच्या अभ्यासांत शेंकडा दहा वजन उतरल्यावर श्वास अडण्याचे प्रसंग सुमारें एकचतुर्थांशानें कमी झालेले आढळले. डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें वजन उतरविणाऱ्या टिर्झेपॅटाइड या टोंचून घ्यावयाच्या औषधास स्थूल व्यक्तींतील मध्यम व तीव्र श्वासरोधासाठीं मान्यता दिली. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें. आपल्या देव्हाऱ्यांतील शंखालाही यांत स्थान मिळालें आहे. जयपूर येथें ३० रुग्णांवर केलेला एक छोटा प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली. प्रयोग लहान आहे. शंख जरूर फुंकावा, पण त्याच्या भरंवशावर यंत्र टाकूं नये. मद्य मात्र टाळावें, आणि झोंपेची गोळी आपल्या मनानें घेऊं नये. दोन्हींमुळें घसा अधिक सैल पडूं शकतो, आणि झोंप नीट होत नाहीं म्हणून घेतलेला उपाय अपायच करितो.

घरांत बसून पारख कशी करावी? टोरांटो येथील भूलतज्ज्ञांनीं तयार केलेले आठ प्रश्न यासाठीं सोयीचे आहेत. बंद दारापलीकडे ऐकूं जाईल इतकें घोरणें आहे काय? दिवसां थकवा वा पेंग येते काय? झोंपेंत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे काय? रक्तदाब वाढलेला आहे काय? स्थूलपणा फार आहे काय? वय पन्नाशीच्या पुढें आहे काय? मानेचा घेर ४० सेंटिमीटरांहून अधिक आहे काय? आणि व्यक्ति पुरुष आहे काय? तीन किंवा अधिक उत्तरें होकारार्थी आल्यास छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावें. ते झोंपेची तपासणी करण्यास सांगतील. तींत रात्रभर श्वास, नाडी, रक्तांतील प्राणवायु आणि जरूर तर मेंदूच्या लहरी नोंदल्या जातात. सुई टोंचावी लागत नाहीं. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याची गोष्ट आधीं अवश्य सांगावी.

श्रोतेहो, बहुतेक रोगांत रोगी तक्रार करतो आणि घरचे ऐकतात. येथें रोगी झोंपलेला असतो आणि तक्रार घरच्यांनीं करावयाची असते. म्हणून आज रात्रीं आपल्या घरांत कोणाचें घोरणें मध्येंच थांबलें, तर कूस बदलून पुन्हां निजूं नका. घड्याळाकडे पाहून सेकंद मोजा. हातांतल्या मोबाइलवर दोनचार मिनिटें तो आवाज टिपून ठेवा. सकाळीं चहाच्या वेळीं, थट्टा न करतां, तो त्या व्यक्तीला ऐकवा, आणि तोच आवाज डॉक्टरांनाही ऐकवा. सांगणाऱ्यानें संकोच करूं नये आणि ऐकणाऱ्यानें रागावूं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.