वनौषधीच्या नियमनाला पदवीपलीकडची नजर हवी



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. परिषद नागपूरजवळच्या खापरखेड्यात भरते आहे, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने योग्यच झाले. एका बाजूला 1340 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, जवळून वाहणाऱ्या कोलार आणि कन्हान या नद्या, आणि उत्तरेला पेंचचे जंगल. खाणीत किंवा राखेच्या कामावर राबणारा माणूस खोकल्यासाठी कंपनीच्या दवाखान्यात जातो, कंबरेसाठी हाडवैद्याकडे जातो, आणि कावीळ झाली की आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून पुडी घेतो. त्याला या तिघांत विरोध दिसत नाही. विरोध आहे तो आपल्या कायद्यात. झाडपाल्याचे औषध देणाऱ्या माणसाचे सरकारने नियमन करावे की नाही, यावर आपल्याकडे खूप बोलले जाते. करावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आजचे नियमन माणसाची पदवी तपासते आणि तिथेच थांबते. तो कोणते झाड कोणत्या आजारावर देतो, किती देतो, कुठून आणतो आणि रुग्णाला पुढे कधी पाठवतो, याकडे ते पाहत नाही. धोका आहे तो नेमका या प्रश्नांत.

हे असे का झाले, ते इतिहासातून कळते. मुंबई इलाख्यात 1938 साली वैद्यक व्यवसायींचा कायदा झाला आणि देशी वैद्यकाच्या नोंदणीला सरकारी मान्यता मिळाली. त्या वेळी पदवीधरांच्या नोंदवहीबरोबर, पदवी नसलेल्या पण प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्यांची वेगळी यादी ठेवण्याची सोय होती. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. इथे आयुर्वेदिक आणि युनानी व्यवसायींचा कायदा 1947 मध्ये आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने हे वेगवेगळे कायदे एकत्र केले आणि कलम 33 ने नोंदणी नसलेल्याला व्यवसायाची मनाई केली. पुढे 1970 चा केंद्रीय कायदा आला आणि नंतर त्याची जागा 2020 च्या भारतीय वैद्यकपद्धती राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने घेतली. शिक्षणाचा दर्जा सुधारावा म्हणून हे सगळे झाले आणि त्याचा लाभही झाला. पण जुन्या यादीतली पिढी सरली तेव्हा तिच्या जागी नवे काही उभे राहिले नाही. पदवी नसलेला वैदू यादीतून गेला. गावातून मात्र तो गेला नाही.

आज त्याची कायद्यातली स्थिती कशी आहे, ते पाहा. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 7 मध्ये स्थानिक लोकांसोबत देशी औषधोपचार करणाऱ्या वैद्य-हकिमांचा उल्लेख आहे. वनस्पती वापरण्यापूर्वी राज्य मंडळाला कळवण्याच्या अटीतून त्यांना सूट आहे. हे राज्य मंडळ आपल्या नागपुरातच आहे. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या लोकजैवविविधता नोंदवही तयार करतात, तेव्हा माहिती घ्यायला त्या याच वैदूच्या दारी जातात. म्हणजे एक कायदा त्याला ज्ञानाचा धनी मानतो, आणि त्याच ज्ञानाने त्याने शेजाऱ्याला औषध दिले की दुसरा कायदा त्याला गुन्हेगार ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात 2018 मध्ये सांगितले की मान्य पदवी आणि नोंदणी नसलेल्याला व्यवसायाचा हक्क नाही. कायदा जसा आहे त्यानुसार तो निर्णय बरोबर आहे. म्हणूनच या कोंडीतून वाट काढण्याची जबाबदारी विधिमंडळाची आणि संसदेची आहे.

आता धोक्याकडे वळू. झाडपाला नैसर्गिक, म्हणून निर्धोक, हा समज आपण या व्यासपीठावरून तरी सोडला पाहिजे. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर गेला. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असावी. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधून अशाच 43 रुग्णांचा अभ्यास आला. हा वाद आज मिटवण्याची मला गरज वाटत नाही, कारण दोन्ही पक्ष खरे धरले तरी निष्कर्ष एकच निघतो. गुळवेलीनेच इजा झाली असेल, तर ती कोणाला द्यायची नाही हे सांगणारा जबाबदार माणूस हवा. चुकीच्या वेलीने झाली असेल, तर वेल ओळखणारा जबाबदार माणूस हवा. गुळवेलीच्या खोडाची पातळ साल कागदासारखी सुटते आणि खोड आडवे कापले तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. जाणत्याला हा फरक हाताला कळतो. पण वाळवून, कुटून पुडीत भरल्यावर तो कोणालाच कळत नाही.

सापसणीचे उदाहरण याहून गंभीर आहे. आपल्याकडे सर्पदंशावर ती जुन्या काळापासून दिली जाते. तिच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. 1990 च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी याच कुळातली दुसरी वनस्पती गेली आणि शंभरहून अधिक जणांची, त्यांतही मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये हे आम्ल असलेल्या वनस्पती माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या म्हणून नोंदवल्या. हे ज्ञान शहरातल्या ग्रंथालयात आहे. बाजारात सापसणीचे मूळ विकणाऱ्यापर्यंत ते पोचवण्याची कोणतीही व्यवस्था आपण केलेली नाही. त्याला तुरुंगाची भीती घालणारे कलम आहे, पण त्याला सावध करणारे एक परिपत्रकही नाही. शिवाय सर्पदंशात खरी हानी वेळ दवडल्याने होते. एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार 2005 मध्ये देशात सर्पदंशाने सुमारे 46,000 मृत्यू झाले. विषावरचा इलाज प्रतिविष आहे, आणि ते दवाखान्यातच मिळते. मंत्र-तंत्र, गंडेदोरे करून दंश झालेल्याला दवाखान्यापासून रोखणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. झाडपाल्यालाही हीच हद्द लागू केली पाहिजे.

परंपरेतही धोक्याची जाणीव आहे. बिब्ब्याचेच घ्या. त्याचे तेल अंगाला लागले की फोड येतात. म्हणून वैद्य बिब्ब्याचे देठाकडचे टोक छाटतात, तो विटेच्या भुकटीत घोळतात, तेल भुकटीत उतरू देतात, गरम पाण्याने धुतात आणि मगच औषधात घेतात. बचनागाचीही अशीच शुद्धी केली जाते. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या नियमांतील ई(1) या अनुसूचीत बिब्बा, बचनाग, कुचला, धोत्रा, गुंज यांची विषारी द्रव्ये म्हणून नोंद आहे, आणि ती असलेल्या कारखान्यातल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. पण वैद्य-हकिमाने स्वतःच्या रुग्णासाठी बनवलेल्या औषधाला याच कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट रास्त आहे. ताजा काढा करणाऱ्याकडे कारखान्याचा परवाना मागणे व्यर्थ आहे. मात्र परवाना नाही, नोंद नाही, चिठ्ठी नाही, असे सारेच नसणे रास्त नाही. खापरखेड्यात उभे राहून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोळशाच्या राखेत शिसे, आर्सेनिक, पारा यांचे अंश असतात आणि वनस्पती ते मातीतून शोषतात. निर्यात होणाऱ्या वनौषधींसाठी 2006 पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 10 आहे, आर्सेनिकची 3. राखेच्या तलावाकाठी खुडलेला पाला आणि जंगलात खुडलेला पाला पुडीत एकसारखाच दिसतो. तो कुठला आहे, हे जाणण्याचा हक्क परदेशी ग्राहकाला आहे, तर तो इथल्या कामगारालाही असला पाहिजे.

म्हणून माझी मागणी मर्यादित नोंदणीची आहे. वैदूला डॉक्टर म्हणवून घेण्याचा हक्क नको. त्याच्या ज्ञानाची प्रत्यक्ष परीक्षा घेऊन, ठरलेल्या थोड्या आजारांपुरता आणि ठरलेल्या वनस्पतींपुरता त्याला अधिकार द्यावा. सुई, सलाईन, स्टिरॉइड आणि विषारी अनुसूचीतली द्रव्ये पूर्ण वर्ज्य असावीत. सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव, तान्ह्या बाळाचे आजारपण, लांबलेला ताप आणि कावीळ या स्थितींत रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात पाठवणे बंधनकारक असावे. प्रत्येक पुडीसोबत वनस्पतीचे नाव, ती कुठून आणली आणि मात्रा किती, हे लिहिलेली चिठ्ठी असावी. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया आणि बंगळुरूच्या एफआरएलएचटी या संस्थेने पारंपरिक उपचारकांसाठी स्वेच्छा प्रमाणपत्राची योजना तयार केली आहे. परीक्षा कशी घ्यावी, याचा नमुना तिच्यात आहे. उणीव आहे ती कायद्याच्या पाठबळाची.

मर्यादित काम, नेमके प्रशिक्षण, नोंद आणि देखरेख या चार गोष्टींनी काय साधते, याचा दाखला आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला. त्या स्त्रिया झाडपाला देत नव्हत्या, आणि त्यांचे उपचार आधीच सिद्ध झालेले होते. हा फरक मी झाकत नाही. पण पदवी नसलेल्या माणसाच्या हाती काहीच सोपवता येत नाही, हा समज त्या प्रयोगाने खोडून काढला. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम सरकारने आशा कार्यकर्त्यांकडे दिले, त्याचे मूळ तिथेच आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सभागृहातल्या पदवीधर वैद्यांचा आहे: आम्ही साडेपाच वर्षे घालवून पदवी मिळवली, मग ही मागची वाट कशाला? मला हा आक्षेप समजतो. पण आज जो तुमच्याशी स्पर्धा करतो त्याला कोणतीच हद्द नाही. तो कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सगळे बरे करण्याचा दावा करतो, आणि असे दावे रोखण्यासाठी 1954 चा जाहिरातींचा कायदा असूनही सापडत नाही. यादी झाली की यादीबाहेरचा ओळखू येईल. आज बोगस डॉक्टर शोधमोहिमेत दवाखाना थाटलेला भोंदू आणि रानातून पाला आणणारी म्हातारी एकाच कलमाखाली येतात. म्हणून मोहीम दोघांपैकी कोणाचेही नीट करत नाही.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ब्रिटिश सरकारने 2011 मध्ये वनौषधी व्यवसायींची कायदेशीर नोंदणी करण्याचे जाहीर केले होते. 2015 मध्ये प्राध्यापक डेव्हिड वॉकर यांच्या गटाने ती करू नये, असा सल्ला दिला. उपचार गुणकारी असल्याचा पुरावा पुरेसा नसताना सरकारी शिक्का दिला तर लोकांची दिशाभूल होते, ही त्यामागची काळजी होती. ती खरी आहे. म्हणूनच या नोंदणीने औषध गुणकारी असल्याची हमी देऊ नये. नोंदणीपत्रावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे की हे काय करू नये आणि केव्हा पाठवावे याचे बंधन आहे. शिवाय ब्रिटनमध्ये रुग्णाच्या हाताशी सार्वजनिक आरोग्यसेवा असते. आपल्या दुर्गम गावात वैदू हाच अनेकदा पहिला भेटणारा माणूस असतो. 1978 च्या अल्मा-आटा घोषणेने गरजेनुसार पारंपरिक उपचारकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेत सामावून घेण्याचा उल्लेख केला, तो अशाच समाजांचा विचार करून.

तिसरा आक्षेप वैदूंचा आहे: नोंद झाली की आमचे ज्ञान कंपन्या नेतील आणि आम्हाला कागदांत अडकवतील. ही भीती अनाठायी नाही. वैदू समाज आपल्या राज्यात भटक्या जमातींत मोडतो. पोलीस, कागद आणि कचेरी यांचा त्याचा अनुभव कडू आहे. म्हणून परीक्षेत वनस्पतीची ओळख, मात्रा आणि धोका तपासावा, घराण्याची कृती लिहून मागू नये. परीक्षा मराठीत आणि तोंडी व्हावी, फिरत्या माणसाची नोंद राज्यभर चालावी. पण परंपरा हीच कसोटी, सरकारने लक्ष घालू नये, हा युक्तिवाद मी मान्य करणार नाही. सापसणीचे मूळ देणाऱ्याला त्याच्या रुग्णाचे मूत्रपिंड बऱ्याच काळानंतर निकामी झालेले कळत नाही. असे नुकसान एकट्या माणसाच्या अनुभवाला दिसत नाही, नोंदींना दिसते.

हे सगळे करणार कोण? त्यासाठी नवे खाते नको. जिल्ह्यातल्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांनी वनस्पतीची परीक्षा घ्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढे पाठवलेल्या रुग्णांची नोंद ठेवावी आणि जैवविविधता समितीने गावातल्या उपचारकांची यादी ग्रामसभेपुढे मांडावी. या तिन्ही व्यवस्था आज अस्तित्वात आहेत; त्या एकमेकींशी बोलत नाहीत, एवढेच.

या परिषदेने आज तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. राज्य सरकारने मर्यादित नोंदणीच्या कायद्याचा मसुदा मांडावा आणि केंद्राकडे आवश्यक त्या दुरुस्तीची मागणी करावी. कायदा होईपर्यंत सापसण, बचनाग आणि बिब्बा यांच्या धोक्याची सचित्र माहिती मराठीत आणि गोंडीत छापून प्रत्येक आठवडी बाजारात पोचवावी. आणि आपण नोंदणीकृत वैद्यांनी आपल्या प्रत्येक पुडीवर वनस्पतीचे नाव, ठिकाण आणि मात्रा लिहायला उद्यापासून सुरुवात करावी. तिसऱ्या ठरावाला सरकारची परवानगी लागत नाही. जे बंधन आपण वैदूवर घालू पाहतो ते आधी स्वतःवर घालून घेतले, तरच पहिल्या दोन ठरावांसाठी सरकारचे दार ठोठावण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येईल.