लोकरीची चौकट



आमच्या घरीं एक जुनें छायाचित्र आहे. त्यांत पांच स्त्रिया आहेत. तिघी खुर्च्यांवर बसलेल्या, दोघी त्यांच्या मागें उभ्या. अंगावर नऊवारी लुगडीं, नाकांत नथी, आणि हलूं नका अशी ताकीद मिळाल्यामुळें सर्वांच्या चेहऱ्यांवर आलेला तो सारखाच ताठरपणा. छायाचित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलें होतें, आणि पुठ्ठ्याच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर माझ्या आजोबांनीं त्या पांचहि जणींचीं नांवें बारीक अक्षरांत लिहून ठेविलीं होतीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं तें चित्र चौकटींत बसवून घेण्यासाठीं एका दुकानांत नेलें. दुकानदारानें सोनेरी काठाची एक सुंदर तयार चौकट पुढें केली. "चित्र थोडें मोठें आहे, पण बसवून देतों," असें तो म्हणाला, आणि मीं "द्या" म्हटलें. संध्याकाळीं घरीं आणून पाहतें तों चित्र झकास दिसत होतें, पण खालची पट्टी नाहींशी झाली होती, आणि तिच्याबरोबर नांवेंहि. दुसऱ्या दिवशीं सकाळींच दुकान गांठलें, तोंवर तेथला केर काढून झाला होता. पुढें वडील माणसांच्या आठवणींतून चौघींचीं नांवें आम्हीं पुन्हां जुळविलीं. पांचवी, मागच्या रांगेंत उजवीकडे उभी असलेली, दोन्हीं खांद्यांवरून पदर घेतलेली तरुण बाई कोण, हें आज आमच्या घरांत कोणालाहि सांगतां येत नाहीं.

दोष मी दुकानदाराला देत नाहीं. त्याच्यापाशीं चौकटी तयार होत्या आणि चित्र त्यांत मावत नव्हतें. असें होण्याला कारणहि आहे. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. पुढें इंग्लंडांत १८६६ सालीं ‘कॅबिनेट’ नांवाचा आकार निघाला आणि तो आपल्याकडेहि आला. कॅबिनेट पुठ्ठ्याचें माप सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच. बाजारांतल्या आजच्या चौकटी ४ इंच रुंद व ६ इंच उंच, नाहीं तर ५ इंच रुंद व ७ इंच उंच. पहिलींत जुनें चित्र बसविण्यासाठीं रुंदींतून पाव इंच आणि उंचींतून अर्धा इंच कापावें लागतें, आणि दुसरींत तें सैल राहून सरकतें. तो अर्धा इंच आमच्या आजोबांच्या अक्षरांचा होता.

चौकट चित्राच्या मापाची असावी, चित्र चौकटीच्या मापाचें होऊं नये, एवढें मी त्या दिवशीं शिकलें. म्हणून लोकरीनें किंवा सुती दोऱ्यानें, कोणत्याहि मापाची चौकट घरच्या घरीं कशी करावी, तें आज मी तुम्हांला सांगणार आहें.

चित्र आणि दोरा यांची सोयरीक आपल्या घरांना नवी नाहीं. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईंत सुरूं झाला आणि देवदेवतांचीं रंगीत चित्रें मध्यम स्थितींतल्या घरांपर्यंत पोहोंचलीं. छापखान्यांतून येणारी लक्ष्मी सगळीकडे एकसारखीच. पण अनेक घरांतल्या स्त्रियांनीं तिच्या छापील लुगड्यावर खरी जर, टिकल्या, मणी आणि रेशमी कापडाचे तुकडे शिवून बसविले, आणि मग ती लक्ष्मी त्याच एका घराची झाली. विकत आणलेल्या वस्तूला आपला हात लावून ती आपली करण्याची ही जी हौस, तिचाच उपयोग आपल्याला येथें करावयाचा आहे.

साहित्य थोडेंच लागतें. जाड पुठ्ठा, फुटपट्टी, धारदार सुरी, भोंकें पाडण्यासाठीं दाभण, रुंद नेढ्याची बोथट सुई, एक स्वच्छ पांढरा कागद, आणि दोरा. विणतां येत नसलें तरी अडत नाहीं, कारण येथें दोरा विणावयाचा नसून नुसता गुंडाळावयाचा आहे.

पुष्कळजण अखंड पुठ्ठ्यांत खिडकी पाडून तिच्याभोंवतीं दोरा गुंडाळूं लागतात आणि कोपऱ्यांपाशीं येऊन अडतात. खिडकीच्या बाजूंवर दोरा सरळ बसतो, पण कोपऱ्यावर त्याला आंत शिरावयास जागाच नसते. म्हणून अखंड चौकट न कापतां चार सुट्या पट्ट्या कापाव्या. आमच्या कॅबिनेट चित्राचेंच उदाहरण घेऊं. पट्टीची रुंदी दीड इंच. चारी बाजूंनीं पट्टीनें चित्राची कड अष्टमांश इंच झांकली पाहिजे, म्हणजे मधली खिडकी ४ इंच रुंद व सव्वासहा इंच उंच होते. यावरून वरची व खालची अशा दोन आडव्या पट्ट्या ४ इंचांच्या, आणि दोन उभ्या पट्ट्या सव्वानऊ इंचांच्या. चित्र दुसऱ्या कोणत्याहि मापाचें असलें तरी नियम हाच. आडवी पट्टी चित्राच्या रुंदीपेक्षां पाव इंच कमी. उभी पट्टी चित्राच्या उंचींतून पाव इंच वजा करून त्यांत ३ इंच मिळविले म्हणजे होते. हीं मापें कागदावर मांडून पाहिल्याशिवाय सुरी हातांत घेऊं नये.

आतां दोरा किती लागेल? अंदाजानें आणल्यास तो हमखास शेवटच्या पट्टीपाशीं संपतो, आणि त्याच रंगाचा दुसरा मिळत नाहीं. म्हणून आधीं फुटपट्टीवर एक इंच जागेंत दोऱ्याचे फेरे एकाला एक लागून गुंडाळावे व मोजावे. मध्यम जाडीच्या लोकरीचे सुमारें १२ फेरे बसतात. आपल्या चारी पट्ट्यांची लांबी मिळून साडेसव्वीस इंच, म्हणजे एकूण ३१८ फेरे. दीड इंच रुंदीच्या पट्टीला एका फेऱ्यास, पुठ्ठ्याची जाडी धरून, सुमारें सव्वातीन इंच दोरा लागतो. हिशेब केला म्हणजे २९ वार येतात. शिवण आणि हातून होणाऱ्या चुका धरून ३३ वार जवळ असावे. दोरा दुप्पट जाड असला तर फेरे निम्मे बसतात, आणि दोराहि जवळजवळ निम्माच पुरतो.

पट्टीच्या दोन्हीं टोंकांना कडेपासून जराशी आंत एक बारीक खांच पाडावी, म्हणजे पहिला व शेवटचा फेरा घसरून पडत नाहीं. दोऱ्याचें आरंभींचें टोंक इंचभर पट्टीच्या मागील अंगावर लांबींत धरून त्याच्यावरूनच फेरे घ्यावे. तें आपोआप दबून बसतें आणि डिंकाची गरज राहत नाहीं. शेवटचें टोंक सुईनें मागच्या फेऱ्यांखालून ओढून घ्यावें. फेरे एकमेकांना लागून असावे, पण आंवळून ओढूं नयेत. ओढीनें पुठ्ठ्याला बांक येतो, आणि एकदां आलेला बांक सहसा जात नाहीं.

चारी पट्ट्या झाल्या म्हणजे त्या पालथ्या मांडाव्या. उभ्या दोन बाहेर, आडव्या दोन त्यांच्या मध्यें. सांध्यांपाशीं मागून चार-चार टांके घालावे. त्यांवर पांढरा कागद ठेवून त्याला खिडकीएवढें, किंवा केसभर मोठें, भोंक पाडावें. लोकरीचा रंग व तिचे तंतु चित्राला लागूं नयेत यासाठीं हा कागद. पाठीसाठीं ७ इंच रुंद व सव्वानऊ इंच उंच असा दुसरा पुठ्ठा घ्यावा. त्याच्या दोन बाजूंना व तळाशीं, चित्राच्या पुठ्ठ्याइतक्या जाडीच्या पट्ट्या चिकटवाव्या. यांची रुंदी दीड इंचाला अष्टमांश कमी. मध्यें चित्राच्या नेमक्या मापाचा खण तयार होतो. साधा तपकिरी पुठ्ठा काळानें पिंवळा पडतो व चित्रालाहि डागाळतो, म्हणून या खणांतहि चांगला पांढरा कागद घालावा. मग पाठीच्या कडेला दाभणानें भोंकें पाडून, पट्ट्यांच्या कडेचे फेरे सुईनें धरीत, तिन्हीं बाजू शिवाव्या आणि वरची बाजू मोकळी ठेवावी.

ही मोकळी बाजू म्हणजे या चौकटीचा मुख्य गुण. चित्र वरून अलगद आंत सरकतें आणि हवें तेव्हां तसेंच बाहेर येतें. त्याला डिंक लागत नाहीं, खिळा लागत नाहीं, आणि सुरी तर नाहींच नाहीं. मागचें लिखाण वाचावेंसें वाटलें तर चौकट मोडावी लागत नाहीं. उद्यां दुसरें चित्र लावावयाचें झालें तर टांके उसवून, पट्ट्यांवरचा दोरा काढून, नव्या मापाच्या पट्ट्यांवर तोच पुन्हां गुंडाळतां येतो.

दोरा कोणता घ्यावा हें ज्याच्या त्याच्या घरानें ठरवावें. बाळाचें चित्र असेल तर त्याच्या आंखूड झालेल्या स्वेटरची लोकर उसवून घ्यावी. उसविलेली लोकर कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीवर लडीसारखी गुंडाळून चार ठिकाणीं सैल बांधावी, कोमट पाण्यांत भिजवावी आणि हलकें वजन अडकवून सांवलींत वाळत टाकावी, म्हणजे सरळ होते. जुन्या करड्या-तपकिरी चित्रांना मला आपल्या दख्खनी मेंढीची न रंगविलेली काळी लोकर फार शोभते असें वाटतें. धनगर स्त्रियांनीं हातीं कांतलेल्या आणि सणगरांनीं चिंचोक्याच्या खळीनें ताठ करून विणलेल्या घोंगड्या आपण पाहिल्याच आहेत. तीच ही लोकर. ती खरखरीत असते, पण चौकट कांहीं अंगावर पांघरावयाची नसते. भडक रंगांविषयीं मात्र जपावें. पाहुण्यानें चौकटीची तारीफ करावी आणि चित्रांत कोण आहे हें विचारूंच नये, असें झालें तर आपली मेहनत वायां गेली.

आतां थोडें जपणुकीविषयीं. लोकरीला कसर लागते. म्हणून अधूनमधून चित्र काढून घेऊन नुसती चौकट उन्हांत ठेवावी व झटकावी. समुद्रकांठच्या दमट हवेंत राहणाऱ्यांनीं सुती दोरा घेतला तर कसरीची चिंता उरत नाहीं. पिठाची खळ टाळावी, कारण तिच्या वासावर झुरळें येतात. जुन्या छायाचित्रांच्या पृष्ठभागावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा किंवा जिलेटिनचा पातळ थर असतो. जिलेटिनचा थर पावसाळ्यांत ओल धरतो आणि काचेला चिकटून बसतो. म्हणून दुकानांतून काचेची चौकट आणली तरी काच व चित्र यांच्यामध्यें जाड कागदाची खिडकी असलीच पाहिजे. आपली पुठ्ठ्याची चौकट काचेचें ओझें पेलणारी नव्हे. चित्र फारच जीर्ण असेल तर त्याची कडांसकट, त्याच मापाची प्रत काढून ती चौकटींत लावावी, आणि मूळ चित्र कागदी पाकिटांत घालून अंधाऱ्या, कोरड्या जागीं ठेवावें. चित्र मूळ असो वा प्रत असो, समोरच्या भिंतीवर सरळ ऊन येत असेल तर त्या भिंतीवर तें टांगूं नये.

कोणी म्हणेल, आतां छायाचित्रें मोबाइलमध्यें हजारोंनीं असतात, त्यांना चौकटी कशाला? माझें म्हणणें इतकेंच कीं हजारांतलें कोणतें एक भिंतीवर राहावें हें निवडणें आणि त्याच्यासाठीं ३१८ फेरे घालणें, यांत दोन-तीन संध्याकाळी जातात. तेवढा वेळ तो चेहरा आपल्यासमोर असतो. पट्टी गुंडाळतां गुंडाळतां शेजारीं बसलेलें मूल विचारतें, "ही कोण?" आणि आपण सांगूं लागतों. आमच्या घरीं त्या चौघींच्या कितीतरी गोष्टी मुलांना अशाच कळल्या.

त्या पांच जणींसाठीं मीं अशी चौकट केली आहे. काळ्या लोकरीची, आणि खालची पट्टी इतर तिघींहून अर्धा इंच रुंद. तो अर्धा इंच कापून गेलेल्या जागेचा आहे. खणांत चित्राच्या मागें एक कागद ठेविला आहे. त्यावर चार नांवें लिहिलीं आहेत आणि पांचवी ओळ कोरी सोडली आहे. एखाद्या आप्ताच्या घरीं त्याच चित्राची दुसरी प्रत निघेल, तिच्याखालीं नांवें असतील, अशी आशा मी अजून सोडलेली नाहीं.

तुमच्याहि कपाटांत असें एखादें चित्र असेल. चौकट करावयास सवड होईल तेव्हां करा, पण आज तें चित्र बाहेर काढा, घरांतल्या सर्वांत वडील माणसाजवळ जाऊन बसा, आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. जें कळेल तें मऊ शिसपेन्सिलीनें, जोर न देतां, मागच्या बाजूला लिहून ठेवा. एवढें एका घरांत जरी आज झालें, तरी माझें हें भाषण सार्थकीं लागलें असें मी समजेन.