पांढरीवरचे मणी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मघापासून प्रत्येक जण आपापल्या नोकरीविषयी बोलला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. मला बोलायचं आहे ते इतिहासाच्या सरांच्या लाकडी कपाटाबद्दल. सकाळी ते उघडून पाहिलं. आपण आणून दिलेलं सगळं अजून आहे. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं, एक पाय मोडलेला मातीचा बैल. फक्त कुठली वस्तू कुठून आली, हे कशावरच लिहिलेलं नाही.

आठवतं ना, पाऊस पडून गेला की पांढरीवर मणी उघडे पडायचे आणि आपण ते कंपासपेटीत भरायचो. मोठी माणसं तीच माती खणून माळवदावर टाकायची. आमच्या जुन्या घराच्या भिंतीतून तर खापरं डोकावत. म्हणजे नासधूस काही एकट्या पोरांनी केली नाही!

आपल्या जन्माआधी, १९७३ साली, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांनी. सांचीच्या दानलेखांतलं भोगवर्धन ते हेच आपलं गाव. त्या खोदकामात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुटका भाग मिळाला. तशीच मूर्ती इटलीत पॉम्पेईला १९३८ मध्ये सापडली होती, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीत गाडलेल्या घरात. ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असं डॉ. ढवळीकरांनी मांडलं. शाळेत असताना मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नोकरी लागल्यावर पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या लोकांची पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं.

त्याच पुस्तकांत इनामगाव भेटलं. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं, भोगवर्धनाच्याही कितीतरी आधीचं, तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. डॉ. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी ते १९६८ पासून खणलं. तिथे लहान मूल गेलं की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. मोठ्यांना आडवं निजवत, पण घोट्याखालचे पाय तोडून. का, यावर अभ्यासकांचे तर्क आहेत. मृत माणूस परत चालत येऊ नये म्हणून, असा एक.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिची पहिली मुलगी सव्वा महिन्याची असताना गेली. "लेकराला जाळत नसतात, मातीत ठेवतात," एवढंच ती म्हणायची आणि गप्प व्हायची. तिचा आणि इनामगावच्या आईचा धागा जोडायची घाई मी करणार नाही, मधे तीन हजार वर्षं आहेत. पण मानवशास्त्र म्हणजे काय, ते मला त्या दिवशी थोडं उमगलं.

आता बघा, ते रांजण जर आपल्यासारख्या पोरांनी उचलून शाळेत आणले असते, तर कपाटात दोन मडकी दिसली असती. ती घराच्या जमिनीखाली होती, तोंडाला तोंड लावून होती, सगळी गोष्ट यातच तर आहे. उत्खननात म्हणून वस्तू कुठल्या थरात, किती खोल, कशाशेजारी सापडली हे आधी लिहितात. आमच्याकडेही वेळेची नोंद नसलेला लॉग कुणी वाचत नाही. आपल्या कपाटातला मणी सातवाहनांच्या काळातला की गेल्या शतकातल्या जत्रेतला, हे आज नुसतं बघून मी तरी सांगू शकत नाही.

सर समोर बसले आहेत, म्हणून एक कबुलीही देते. सातवीत मी एक तांबडा मणी तुम्हाला दिलाच नाही. इतकी वर्षं तो माझ्या डब्यात होता. आज परत आणला आहे.

आपण उचललं त्यातल्या बऱ्याच जागांवर आता घरं उभी आहेत. ती जागा नेमकी कोणती, हे फक्त आपल्याला ठाऊक आहे, आणि आपल्यातले दोघे तर आज नाहीत. म्हणून मागच्या टेबलावर कपाटातल्या वस्तू मांडून शेजारी वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी ओळखीची वस्तू शोधा आणि आठवेल ते लिहा. खात्री नसेल तर तसंही लिहा. अंदाजाने जागा ठोकून देऊ नका. हे सगळं विद्यापीठाच्या पुरातत्त्वाच्या लोकांना दाखवायचं सरांनी कबूल केलं आहे.

पहिली नोंद मी केली आहे: तांबडा मणी, एक. केळणा नदीच्या काठी, धुणं धुवायच्या दगडांपासून चाळीसेक पावलं वर. पहिल्या पावसानंतर. सोबत मैत्रीण होती, पण आधी कुणाला दिसला यावर आमचं अजून भांडण आहे.